सुरमईचं ओळखपत्र



या खेपेचा विषय थेट स्वयंपाकघरातून आला. मुलाकडे दोह्यात मुक्कामाला असताना एका शुक्रवारी बरवा अल बराहात राहणाऱ्या मालवण-रत्नागिरीच्या चार पोरांनी मला जेवायला बोलावलं. वर्गणी काढून त्यांनी अख्खी सुरमई आणली होती. इथे तिला कनद म्हणतात. कापताना पोटाजवळ काकडीच्या बीएवढ्या दोन पांढऱ्या गाठी निघाल्या आणि सुरी थांबली. "सर, हयच्या माशात किडे असतत. आमच्याकडे असा नसता. टाकून देवया?"

मी म्हटलं, "गाठी काढा, मासा ठेवा."

तुमच्याही घरी हा प्रसंग येईल, म्हणून सांगतो. या गाठीत बहुधा पट्टकृमीची अळी असते. तिला पोचायचं असतं मुशीच्या आतड्यात. माणसाच्या पोटात ती वाढत नाही. मासा आतपर्यंत नीट शिजला की भीती नाही. कच्चा मासा खाणाऱ्यांनी मात्र जपावं. हेरिंग, कॉड अशा थंड समुद्रातल्या माशांत ॲनिसाकिस नावाचा गोलकृमी असतो, तो माणसाला त्रास देतो. मासा उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवला तर तो मरतो.

आता "आमच्याकडे असा नसता" याविषयी. असतं! समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाडा विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी रत्नागिरीच्या मुशी-पाकटांतले कितीतरी पट्टकृमी शोधून त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली आहेत. फरक असतो तो कोणते परजीवी आणि किती, यात.

असं का? पट्टकृमीचं अंडं पाण्यात पडतं. अंड्यातून निघालेली अळी बारीक कवचधारी जीव गिळतात, त्यांना लहान मासा खातो, लहान माशाला सुरमई आणि सुरमईला मुशी. या साखळीतली एक कडी नसली, तरी तो कृमी त्या पाण्यात टिकत नाही. ॲनिसाकिसला शेवटी देवमासा किंवा त्याचे भाईबंद लागतात. कल्ल्यांना चिकटणाऱ्या काही कृमींना मात्र दुसरा यजमान लागतच नाही. त्यांचे प्रकार उष्ण समुद्रांत अधिक आढळतात. शिवाय आपलं हे आखात उथळ, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. पाणी अरबी समुद्राहून खारट, उन्हाळ्यात कढत आणि बाहेर पडायला होर्मुझची एकच अरुंद वाट. इथे कोणाचा निभाव लागेल हे पाणीच ठरवतं.

म्हणून माशातले परजीवी पाहून तो कुठे वाढला, काय खात आला, याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या तांबड्या माशांवर १९३९ सालीच असा प्रयत्न झाला. २००१ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या आणि तिमोरच्या सुरमया तपासल्या गेल्या. त्यांतल्या अळ्यांचं प्रमाण जागोजागी इतकं वेगळं निघालं, की या सुरमया एकमेकींत फारशा मिसळत नाहीत हे दिसून आलं.

हे नुसतं पुस्तकी ज्ञान नव्हे. आखाती देशांत १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर जाळ्याने सुरमई धरायला बंदी असते. मासा सीमा ओलांडून फिरत असेल, तर एकट्या देशाने बंदी पाळून भागत नाही. एकाच जागी राहणारा असेल, तर तिथली उपसलेली सुरमई दुसरीकडून भरून येत नाही. हे ठरवताना इतर पुराव्यांबरोबर या गाठींचीही साक्ष काढता येते.

एवढं ऐकून एक पोरगा म्हणाला, "म्हणजे सर, ह्यो सुरमयचो क्यूआयडीच!" त्याच्याइतकं सोपं करून मला तीस वर्षांत वर्गात सांगता आलं नाही. मासा फेकला गेला नाही, आणि तिरफळं घातलेलं कालवण झकास झालं होतं.

बालमित्रांनो, पुढच्या वेळी घरी मासा आला की आईबाबांना सांगून त्याचे कल्ले उघडून पाहा, भिंगातून पाहिलंत तर उत्तम. काय दिसलं ते मला लिहून कळवा. दिवाळीच्या शुभेच्छा!