जीवितहानी टळली, धडा मात्र टळू नये

बंगळूरच्या एचएएल विमानतळावरून ११ जुलै २०२३ रोजी एका छोट्या खासगी जेट विमानाने त्याच शहराच्या केंपेगौडा विमानतळाकडे उड्डाण केले. दोन विमानतळांमधील हवाई अंतर जेमतेम तीस किलोमीटर. मात्र उड्डाणानंतर पुढच्या चाकाच्या यंत्रणेत बिघाड आढळल्याने विमान माघारी वळवण्यात आले आणि ते चाक बाहेर आलेले नसतानाच धावपट्टीवर उतरवावे लागले. विमानात प्रवासी नव्हते; दोन्ही वैमानिक सुखरूप राहिले.

अशा प्रकारे विमान उतरवणे हे कसोटीचे काम असते. मागची दोन मुख्य चाके प्रथम टेकवायची, वेग कमी होईपर्यंत विमानाचे नाक वर धरून ठेवायचे आणि मग ते अलगद खाली येऊ द्यायचे. त्यानंतर दिशा सांभाळण्यासाठी पुढचे चाक नसते आणि धातू धावपट्टीवर घासल्याने आगीची भीती असते. वैमानिकांनी हे काम यशस्वीपणे पार पाडले, याबद्दल दुमत नाही.

तथापि, या विमानतळाचे स्थान लक्षात घेता केवळ कौतुकावर थांबणे योग्य ठरणार नाही. नियमित प्रवासी वाहतूक मे २००८ मध्ये नव्या विमानतळावर गेली, तरी लष्करी आणि खासगी विमानांसाठी एचएएलचा वापर सुरूच राहिला. येथील धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या पश्चिमेला, साधारण त्याच रेषेत अकरा-बारा किलोमीटरवर चामराजपेटसारखी जुनी, दाट वस्ती आहे. पश्चिमेकडून उतरणारे विमान नेहमीच्या तीन अंशांच्या उताराने आल्यास या अंतरावर जमिनीपासून सुमारे पाचशे ते सहाशे मीटर उंचीवर असते. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस विमान धावपट्टीच्या अलीकडेच गोल्फच्या मैदानावर कोसळले होते. त्यातील १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले.

बंगळूरच्या घटनेनंतर दोनच महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०२३ रोजी, विशाखापट्टणमहून आलेले एक लिअरजेट विमान मुंबईत मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीवरून घसरले. त्या वेळी दृश्यमानता सुमारे सातशे मीटर होती. विमानातील आठही जण बचावले. दोन्ही घटनांची कारणे वेगळी असली, तरी एक साम्य आहे. जीवितहानी न झाल्याने दोन्हींची चर्चा लवकर मावळली.

आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार मृत्यू, गंभीर दुखापत किंवा विमानाच्या रचनेचे मोठे नुकसान झाल्यास ‘अपघात’ मानला जातो. अन्यथा नोंद ‘घटना’ किंवा ‘गंभीर घटना’ अशी होते. हा भेद तांत्रिकदृष्ट्या आवश्यक आहे. परंतु बिघाड तोच असताना परिणाम कधी वैमानिकाच्या कौशल्यावर, तर कधी निव्वळ योगायोगावर ठरतो. त्यामुळे नोंद कोणत्या सदरात झाली, यावर चौकशीचे गांभीर्य अवलंबून राहता कामा नये.

मोठ्या विमान कंपनीकडे शेकडो विमाने असतात. एका विमानातील दोष उघड झाला की उरलेल्यांची तपासणी लगेच करता येते. मोजकीच विमाने बाळगणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना हा लाभ मिळत नाही. इतरांच्या अनुभवातून शिकण्यासाठी त्यांना प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालांचाच आधार असतो. अंतिम अहवाल शक्यतो बारा महिन्यांत प्रसिद्ध व्हावा, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा दंडक आहे. दोषी शोधणे नव्हे, तर पुनरावृत्ती टाळणे हा या चौकशीचा हेतू असतो.

निवडणूक प्रचार, उद्योग आणि रुग्णवाहतूक यांसाठी छोट्या विमानांचा वापर होत असताना हा दंडक काटेकोरपणे पाळला जाणे अगत्याचे आहे. सुखरूप उतरलेल्या विमानाकडून मिळणारा धडा सर्वांत कमी किमतीचा असतो. तो वेळेवर घेतला न गेल्यास पुढची किंमत विमानातील प्रवाशांबरोबरच धावपट्टीच्या रेषेत राहणाऱ्या नागरिकांनाही मोजावी लागू शकते.