लव्हबर्डची मादी चावते तेव्हा

"डॉक्टर, पक्षी चावलाय. रेबीजचं इंजेक्शन घ्यावं लागेल का?" हा प्रश्न दवाखान्यात अधूनमधून येतो. नाही. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे, पक्ष्यांच्या चाव्यातून तो होत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना विचारा. सूज, लाली, ठणका वाढला किंवा चावा डोळ्याजवळ, बोटाच्या सांध्यावर असेल तर लगेच दाखवा.

पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "आधी गरीब होती हो, आता फारच तापट झालीय." मला हे पटत नाही. आपला हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, त्यामुळे घरोघरी आता लव्हबर्ड दिसतात. त्यातला गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड मूळचा आफ्रिकेच्या नैऋत्य भागातला. त्यांच्यात घरटं बांधायचं काम मादीचं. ती कागदाच्या लांब पट्ट्या कातरते आणि पाठीमागच्या पिसांत खोचून नेते. तुमची मादी असं करत असेल तर समजा, पिंजरा तिच्या लेखी घरटं झालाय. त्यात शिरलेला हात म्हणजे चोर! ती घर राखते आहे, एवढंच.

म्हणून ओरडणं, चोचीवर टिचकी मारणं याने काही साधत नाही, उलट भीती वाढते. बदल आपण करायचा. पिंजऱ्यातला लाकडी डबा, खोका, कागद काढून टाका. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता द्या. टीव्हीसमोर पिंजरा नको. कुरवाळायचं तर फक्त डोकं आणि मान. पाठीवरून हात फिरवला की तिला ते जोडीदाराचं लाडावणं वाटतं. ती आपणहून बाहेर आली की मगच पिंजरा साफ करा. लहान मुलांच्या तोंडाजवळ तिला नेऊ नका.

नर नसतानाही मादी अंडी घालते. वारंवार घातली तर अंगातलं कॅल्शियम कमी होतं. पिसं फुगवून तळाशी बसली आणि कुंथत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या, सकाळची वाट पाहू नका.

आणि एक माझ्या कामाचं. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला घेऊन याल तेव्हा घरात पक्षी आहे हे न विचारता सांगा. सिटॅकोसिस हा आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासावाटे होतो. तो डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, पण नेहमीच्या पेनिसिलिनसारख्या औषधांना दाद देत नाही. ट्रे आधी ओला करा, मास्क लावा, मग पुसा.

चावते म्हणून खिडकीतून सोडून देणारेही आहेत. पिंजऱ्यात वाढलेला हा परदेशी पक्षी बाहेर कावळ्या-मांजरांपुढे टिकणं कठीण. आणलीय ना घरी? मग तिची हद्द पाळायला आपणच शिकायला हवं.