नावं बाजूला ठेवणारे उस्ताद

जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी, जेफ लिन. प्रत्येकाचं स्वतःचं मोठं नाव. पण १९८८ च्या 'ट्रॅव्हलिंग विल्बरीज'च्या पहिल्या अल्बमवर ही नावं नाहीत. पाचही जण काल्पनिक विल्बरी भाऊ झाले. हॅरिसनच्या एका सिंगलच्या मागच्या बाजूसाठी केलेल्या गाण्यातून हा अल्बम उभा राहिला. ऑर्बिसन सूर लावतात तेव्हा बाकीचे मुकाट साथीला जातात. अल्बम आला आणि दोन महिन्यांच्या आतच ऑर्बिसन गेले, आवाज राहिला.

आपल्याकडे मुशायऱ्यात आधी कोण, शेवटी कोण, यावरूनही रुसवेफुगवे होतात. मला वाटतं, दुसऱ्याच्या सुराला साथ देता आली, तोच खरा उस्ताद. हा अल्बम म्हणूनच ऐका.