सही तिची, धंदा कुणाचा?

आठवड्याच्या ठरल्या दिवशी, ठरल्या घराच्या ओसरीत सतरंजी पडते. शेतावर जाण्याआधी भाकरी बांधून दहा-पंधरा बायका तिथे येऊन बसतात. वसुलीचा माणूस मोटारसायकलवरून येतो, पुस्तके उघडतो, नोटा मोजतो. एखादीला शंभर-दोनशे कमी पडले, तर बाकीच्यांनी पदरचे घालायचे. तोवर कुणी उठायचे नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हे चालले आहे. या बायकांच्या अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात शिवणकाम, शेळीपालन, किराणा असे लिहिलेले असते. पैसा मात्र अनेकदा दवाखान्यात, पोराच्या फीमध्ये, बियाण्यात, नाही तर आधीच्याच कर्जाच्या हप्त्यात गेलेला असतो. शिलाई मशीन घरात आलेच नाही. हप्ता तेवढा तिच्या नावे सुरू झाला.

अशा कर्जांचे आकडे महिला उद्योजकता म्हणून मिरवण्याची सवय राज्यकर्त्यांना आणि बँकांना लागली आहे. ती आताच मोडली नाही, तर एक अख्खी पिढी मालकीण होण्याआधी थकबाकीदार होईल.

मुद्रा योजनेतली सुमारे दोन तृतीयांश खाती महिलांची आहेत. पण योजनेत भरणा आहे तो ‘शिशु’ गटाचा, म्हणजे ५० हजारांपर्यंतच्या कर्जांचा. तेवढ्यात शेवयांचे मशीन येते. गाळा, गाडी आणि हाताखाली माणूस येत नाही. सहाव्या आर्थिक गणनेत देशात महिलांच्या मालकीच्या ८० लाखांहून अधिक आस्थापना आढळल्या, म्हणजे एकूण आस्थापनांच्या जेमतेम १४ टक्के. त्यांतल्या ८३ टक्के ठिकाणी एकही पगारी माणूस नव्हता. इथेच खरे नुकसान आहे. गावातली बाई दुसऱ्या गावच्या एमआयडीसीत जाऊ शकत नाही, पण शेजारणीच्या मसाल्याच्या कारखान्यात नक्की जाते. एकीचा धंदा वाढला नाही, की दहा जणींचा रोजगार जन्मालाच येत नाही.

तो वाढत का नाही? बँक तारण मागते आणि तारण म्हणजे जमीन. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. कायदा झाला, पण वडिलांचे दिवस होतात न होतात तोच हक्कसोडपत्राचा कागद बहिणीपुढे येतो. माहेरची वाट बंद होऊ नये, भाऊबीजेला ओवाळायला दार उघडे राहावे, म्हणून ती सही करते. त्या एका सहीने तिचे भांडवल जाते. पुढे कधीतरी बँकेत तिलाच विचारले जाते, “ताई, तारण काय आहे? मिस्टरांना घेऊन या.” छोट्या उद्योगांना १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बजावले होते, काउंटरपलीकडून हे तिला कोण सांगणार?

धंदा चाललाच, तर तिची सही पुरुषांच्या कामी येते. अंगणवाडीच्या पोषण आहाराची कंत्राटे महिला मंडळांच्या नावे आणि त्यांच्याआड खासगी ठेकेदार, हा महाराष्ट्रातला प्रकार सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी २०१२ मध्ये उघड केला होता.

बाईच्या हाती निर्णय असला की काय घडते, हेही याच मातीने दाखवले आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. उसनवारी त्यांचीही होती. मात्र नफा वाटायचा कसा आणि तोटा सोसायचा कसा, हे त्याच ठरवत. त्यातून लिज्जत उभे राहिले आणि आज ४० हजारांहून अधिक भगिनी त्याच्या मालकीण आहेत. म्हसवडला रस्त्याकडेला वेल्डिंग करणाऱ्या एका बाईचे बचत खाते कुठलीच बँक उघडेना, तेव्हा चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचे ठरवले. प्रवर्तक बायका निरक्षर आहेत, म्हणून पहिला अर्ज नाकारला गेला. त्या अक्षरे गिरवायला बसल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेत जाऊन म्हणाल्या, की व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी विचारा. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. केंद्राने २०१३ मध्ये काढलेली भारतीय महिला बँक चार वर्षांतच स्टेट बँकेत विलीन झाली. दुष्काळी माणदेशातली टिकली.

म्हणून आमची मागणी साधी आहे. महिलांना किती कर्जे वाटली, हे सांगणे पुरे झाले. तीन वर्षांनी किती धंदे उभे आहेत, किती जणींना काम मिळाले आणि चेकवर सही करणारीच व्यवहार ठरवते का, हे प्रत्येक बँकेने जाहीर करावे. विनातारण कर्जाचा नियम शाखेच्या दारावर मराठीत लागावा. हक्कसोडपत्र नोंदवण्याआधी दुय्यम निबंधकाने बहिणीला एकटीला बसवून, ती काय सोडते आहे हे समजावून सांगावे. सरकारी खरेदी करताना महिला मंडळाचा शिक्का पाहून भागणार नाही. भट्टी कुणाची आणि हिशेबाची वही कुणाच्या हातात, हे जागेवर जाऊन पाहावे.

ओसरीतल्या त्या बाईला पुढच्या आठवड्यात पुन्हा हप्ता भरायचा आहे. तो मजुरीतून भरायचा की धंद्याच्या गल्ल्यातून, हे आपण आज काय करतो त्यावर ठरेल.