वाड्याचे जुने कागद शोधायची हीच वेळ

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. वाडा कुणाचा, असं विचारलं की बहुतेक जण ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे करतात. पण ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद. मालकीचा पुरावा नव्हे. इतकी वर्षं त्यावर निभावलं, कारण विचारणारं कुणी नव्हतं.

२०२० मध्ये स्वामित्व योजना आली. चुन्याने हद्द आखायची, ड्रोनने मोजायची, मग मालमत्ता पत्रक. ड्रोनला भिंत दिसते, भावाभावांतली वाटणी कुठून दिसणार? चार भावांपैकी तिघे पुण्या-मुंबईला असले, तर चौकशीच्या दिवशी जो हजर तोच बोलणार. वाद तिथेच पेटतो.

म्हणून आधी माळ्यावरची ट्रंक उघडा. वाटणीपत्र, खरेदीखत, गहाणखत, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, काहीही चालेल. नोंदणीकृत दस्त असेल तर दुय्यम निबंधकाकडे नक्कल मागता येते. कागद मोडीत निघाला तर रद्दीत घालू नका, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. चतुःसीमा मात्र नीट वाचा. ‘पूर्वेस अमक्याचे घर’ असं लिहिलेलं असतं आणि ते घर पडून जमाना झालेला असतो. ते कुठं होतं, हे सांगणारी म्हातारी माणसं गावात अजून आहेत तोवर विचारून घ्या.