टॅपेटला गप्प करू नका!

मागच्या शनिवारी पुण्याहून नगरला घरी गेलो, तर बाबांची जुनी कास्ट आयर्न बुलेट गॅरेजमध्ये हेड उघडून पडलेली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला होता. मेकॅनिकला शिव्या घालणार होतो, पण "टकटक फार येते, बंद करून द्या" हे सांगणारे आम्हीच! त्याने बिचाऱ्याने आवाज जाईपर्यंत टॅपेट आवळले.

मंडळी, थोडी टकटक म्हणजे आजार नव्हे. व्हॉल्व्ह सीटवर टेकतो तेव्हाच आपली उष्णता सीटला देऊन थंड होतो. टॅपेट घट्ट असला की तो नीट टेकतच नाही, फटीतून गरम वायू निसटतो आणि कडा जळते. सैल टॅपेट ओरडून सांगतो, घट्ट टॅपेट गुपचूप मारतो.

खरी पद्धत सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. बस्स! हायड्रॉलिक टॅपेटमध्ये हे आपोआप होतं, या बुलेटमध्ये नाही.

आपण आयटीवालेही तेच करतो म्हणा... वॉर्निंग दाबायची, बिल्ड हिरवा दाखवायचा. फरक इतकाच की तिथलं बिल क्लायंट भरतो, इथलं बाबांनी भरलं.