गुडघा, गड आणि निर्गुडी

चार वर्षांपूर्वीचा एक सोमवार. ऑफिसच्या बसमधून उतरताना माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की ड्रायव्हरकाकांनी दचकून आरशात पाहिलं. 'काय मॅडम, कुठं आपटलात?'

आपटले नव्हते हो! आदल्या दिवशी राजगड करून आले होते, इतकंच. आठवड्याचे पाच दिवस खुर्चीत मुक्काम आणि वीकएण्डला एकदम मावळ्याचा अवतार. गुडघ्यानं निषेध नोंदवला तर त्याचं काय चुकलं?

ऑफिसमध्ये अर्थातच सगळे डॉक्टर. एकानं ड्रॉवरमधून जेल काढलं, दुसऱ्यानं पेनकिलर, तिसरीनं नी-कॅप. शनिवारपर्यंत सूज उतरली, पण आखडलेपण काही जाईना. तशीच लंगडत वाईजवळच्या गावी गेले. काकाकडे पूजा होती. मी ओसरीवरून आडवी-तिडवी उतरताना आजीनं पाहिलं.

'काय झालं गं पायाला?'

'ट्रेकला गेले होते आजी. राजगडावर.'

'कशाला? काय काम होतं तिथं?'

आता याला काय उत्तर देणार! आजी ओढ्याकडे गेली आणि ओंजळभर पाला घेऊन आली. निर्गुडी. तव्यावर दोन थेंब तिळाचं तेल, त्यावर पानं. मऊ पडली की गुडघ्यावर ठेवून वरून जुन्या सुती साडीची पट्टी. घरभर तो उग्र, कापरासारखा वास. अर्ध्या तासानं मी पूजेला मांडी घालून बसले होते. बॉस, मी तर फॅनच झाले!

पुण्याला परतताना पिशवीभर पाला आणला. फ्रिज उघडून रूममेट किंचाळली, 'हा गांजा आहे का?' तिची काही चूक नव्हती. निर्गुडीच्या एका देठाला हाताच्या बोटांसारखी बहुधा पाच, कधी तीन लांबट पानं असतात. तिच्या एका प्रकाराचं शास्त्रीय नावच मुळी 'कॅनाबिफोलिया', म्हणजे गांजासारख्या पानांची! ओळख मात्र सोपी आहे. पान वरून हिरवं, खालून पांढरट. चुरगळलं की वास नाकात शिरतो. फुलं निळसर जांभळी. नदीकाठी, ओढ्याला, शेताच्या बांधावर ही झुडपं मोकाट वाढतात. गुरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणालाही लावतात. धान्यात किडा होऊ नये म्हणून गावाकडे कणगीतही हाच पाला टाकायचे.

मग हा पाला नेमकं करतो काय? उंदरांवरच्या प्रयोगांत त्याच्या अर्कानं सूज उतरल्याचं दिसलंय. माणसांवरचे मोठे अभ्यास थोडेच आहेत. शिवाय निम्मं काम तर नुसती ऊबच करते. आखडलेले स्नायू शेकानं सैल पडतात, हे कुठलाही फिजिओथेरपिस्ट सांगेल. थोडक्यात, ठणक्यावर उतारा म्हणून झकास. पण त्याच्या पुढे?

त्या पुढचीच गोष्ट सांगायची आहे.

माझी नाशिकची मावशी. तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर मूठच वळायची नाही. दहा वाजेपर्यंत कणीक मळणं बंद. निर्गुडीची नवी नवी फॅन मीच! प्रत्येक खेपेला पिशवी भरून पाला पोचवला. वर लेक्चरही दिलं, 'मावशी, गोळ्यांच्या नादी लागू नकोस. जरा धीर धर.'

मावशीनं धीर धरला. तीन महिने. मग कुणीतरी एक पुडी आणून दिली. 'शंभर टक्के जडीबुटी.' त्यावर ना लेबल, ना नाव. तिसऱ्या दिवशी मावशी पुऱ्या लाटत होती! सगळे खूश. सहा महिन्यांत मात्र तिचा चेहरा गोल गरगरीत झाला आणि साखर वाढली. डॉक्टरांनी पाहताक्षणी विचारलं, 'कुठली पावडर घेताय?' त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार, असं त्यांचं म्हणणं. ते एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून हळूहळू उतरवावं लागलं. तपासण्या झाल्या, तेव्हा निघाला आमवात. म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार. यावर चांगली औषधं आहेत, पण ती लवकर सुरू झाली तर. एकदा झिजलेला सांधा परत पहिल्यासारखा होत नाही.

मावशी आता बरी आहे. पोळ्याही करते. पण उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. ती मला एका शब्दानं कधी बोलली नाही. मी मात्र तिनं वाढलेलं ताट घेताना त्या बोटांकडे बघायचं टाळते.

म्हणून मंडळी, पाला जरूर बांधा, पण एवढं लक्षात ठेवा. मुरगळल्यावर पहिले दोन दिवस शेक नाही, बर्फ. जखमेवर किंवा फाटलेल्या कातडीवर पाला नाही. पान आधी मनगटावर टेकवून बघा, भाजत नाही ना. पोटात घ्यायचं असेल तर वैद्यांना विचारून, आणि गरोदरपणात तर मुळीच प्रयोग नकोत. आयुर्वेदिक औषधालाही परवाना लागतो. लेबलवर घटक, बॅच नंबर, परवाना क्रमांक नसेल तर ती पुडी सरळ कचऱ्यात. पण पुडी बरेच दिवस घेत असाल, तर आधी डॉक्टरांकडे. आणि दोन-तीन दिवसांत जुनाट दुखणं गायब झालं, तर खूश होण्याआधी शंका घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं. सकाळचं आखडलेपण अर्ध्या तासापेक्षा जास्त राहतंय? बोटांचे सांधे सुजलेत? सांधा लाल-गरम आहे, सोबत ताप आहे? मग वय पंचविशीचं असलं तरी थांबू नका. संधिवात हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार नाही. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट गाठा, ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

मध्यंतरी आजीला हे सगळं सांगितलं. वाटलं, पाल्याची बाजू घेऊन भांडेल. ती शांतपणे म्हणाली, 'अगं, पाला ठणक्याला असतो. रोगाला डॉक्टर. माझा मोतीबिंदू काय मी पाला बांधून काढला?'

आमच्या बाल्कनीत आता निर्गुडीची कुंडी आहे. आजीनंच फांदी दिली, लगेच जगली. पुढचा गड ठरलाय. पण या वेळी महिनाभर आधीपासून ऑफिसचे जिने चढतेय. लिफ्ट बंद!